तेरा तारखेचा मंगळवार

नोटरी कालिओपीबाई सिगारेट ओढायला गॅलरीत गेल्या, म्हणजे आता काय करायचं ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. व्होलोसमध्ये घराचे व्यवहार असेच होत. कागदावर लिहिलेली रक्कम नोटरीबाईंनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, आणि कागदावर न लिहिलेली रक्कम त्या समुद्राकडे तोंड करून उभ्या असताना टेबलावरून पलीकडे सरकवायची. त्या सिगारेट मुळी ओढतच नाहीत, पाकीट फक्त या कामापुरतं ठेवतात, असं गावात बोललं जाई.

आरेतीने पिशवीतून जाडजूड लिफाफा काढला. नवऱ्यामागे राहिलेली झागोऱ्याची सफरचंदाची बाग विकून आलेल्या पैशातला हा शेवटचा भाग. तिने तो दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला आणि पलीकडे सरकवला. तिचा मुलगा स्ताथिस, सून लुकिया, दीर थ्रासोस आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत काळ्या कपड्यांतली तिची सासू एव्हान्थिया, सगळ्यांची नजर त्या लिफाफ्याबरोबर टेबलावरून सरकत गेली.

घर विकणाऱ्या लाम्ब्रोस व्रेतासने लिफाफ्याला बोटसुद्धा लावलं नाही.

"हे आहेच हो, आरेतीबाई," तो म्हणाला. "पण आणखी आठ लाख लागतील."

"आठ लाख कसले?"

"द्राख्मा. दुसरं काय मागणार?"

"ठरल्यापेक्षा जास्त? आज? आत्ता?"

व्रेतास बंदरावर दोरखंड आणि नांगर विकायचा. कुणाशीही भांडताना आवाज चढवायचा नाही, ही त्याची खासियत. त्याने खिशातून डिसेंबरात केलेला विसाराचा करार काढला, उलगडला आणि थ्रासोसपुढे धरला. "थ्रासोसराव, घरच्यांच्या वतीने सही तुमची आहे ना? वाचा. खरेदी कधीपर्यंत करायची?"

"तेरा फेब्रुवारीपर्यंत," थ्रासोस म्हणाला.

"काल तेरा होती. तुम्ही आला नाहीत. म्हणजे करार तुम्ही मोडलात. विसार माझा झाला आणि घर मला मोकळं झालं. आता मी माणुसकीने म्हणतोय, की घर अजूनही तुम्हालाच देतो. आठ लाख वर."

"अहो, पण काल मंगळवार होता!" आरेतीचा आवाज फुटला. "तेरा तारखेचा मंगळवार, अपशकुनाचा दिवस! मी तुम्हाला परवा फोन केला, बुधवारी येऊ का म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, तेरा तारखेच्या मंगळवारी कोण शहाणा माणूस सही करतो?"

"म्हणालो. अजूनही म्हणतो. मी तरी केली नसती." व्रेतासने कराराची घडी घातली. "पण फोन कुणाला दाखवता येत नाही, वहिनी. अथेन्सचा एक दातांचा डॉक्टर घर बघून गेलाय, रोख द्यायला तयार आहे. मी खाली हॉटेलात कॉफी घेतो. एकपर्यंत आहे. मग मला दुकान उघडायचंय."

तो गेला. त्याच्या कोटाला मात्र आरेतीच्या घरच्या बिस्किटांचा भुगा लागलेला होता. ती बिस्किटं सही झाल्यावर तोंड गोड करायला म्हणून तिने पहाटे उठून भाजली होती.

गॅलरीचं दार किलकिलं झालं. कालिओपीबाईंनी आत डोकावलं, सगळ्यांचे चेहरे बघितले, टेबलावर तसाच पडलेला लिफाफा बघितला आणि दार पुन्हा ओढून घेतलं. आता त्यांनी दुसरी सिगारेट पेटवली. खोकल्या. गावात बोलत ते खरं होतं तर.

आरेतीने मनात हिशेब मांडला. या महिनाअखेर निआ इओनिया वस्तीतलं भाड्याचं घर सोडायचं होतं. मालक ते पाडून इमारत उठवणार होता. सुनेला सातवा महिना. बाग गेली. विसाराचे वीस लाख आज बुडाले, तर उरलेल्या पैशांत घर सोडा, खोपटंसुद्धा यायचं नाही. आणि हे सगळं कशामुळे? तिने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळून पाहिलं.

"झालं समाधान, सासूबाई?"

"मी काय केलं?" म्हातारी म्हणाली.

"तुम्ही काय केलं! मंगळवार नको, तेरा तारीख तर नकोच नको. सोमवारपासून जेवण सोडून बसलात. घराचा उंबरा रडेल म्हणालात. आता आपण सगळेच रडू या."

"काल सही केली असती, तर त्या घरात काही बरं झालं नसतं."

"आज त्या घरात काहीच होणार नाही!"

"मंगळवारी आमचं सगळं गेलंय," एव्हान्थिया म्हणाली. "माझी आई मंगळवारीच बोटीत चढली होती, स्मिर्नातून, शहर जळत असताना. एका चपलेनिशी."

"पुरे ना आजी आता स्मिर्ना," स्ताथिस म्हणाला. तो खिडकीशी उभा होता, दाढी खाजवत. "आई, मी सांगू? नको आपल्याला हे घर. जाऊ दे. असल्या माणसाला एक द्राख्मा देऊ नकोस."

"वीस लाख जाऊ देऊ?"

"मग काय त्याच्या पाया पडू?"

आरेती त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "थांब रे. नाताळात मी तुझ्याकडे तीन लाख दिले होते ना? वरखर्चाला ठेव म्हणून? ते काढ. बाकीचं बघू. व्रेतासला घासाघीस करून पाचावर आणू."

"ते बँकेत आहेत," स्ताथिस म्हणाला.

"मग जा, बँक समोरच आहे."

"मुदतीत टाकलेत. मार्चशिवाय निघत नाहीत."

लुकियाने पर्सचा बंद हाताभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. तिच्याकडे त्या वेळी कुणीच बघत नव्हतं.

*

थ्रासोसला मात्र आता सगळे आपल्याकडे बघतील, असं वाटत होतं. डिसेंबरात करारावर सही करताना त्याने तारीख वाचली होती, वार बघितला नव्हता. तेरा फेब्रुवारी मंगळवारी येते हे त्या चोर व्रेतासला ठाऊक असणारच. एव्हान्थियाच्या घरातले लोक त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत, हेही त्याला ठाऊक असणार. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण ही गोष्ट जेवढी कमी बोलली जाईल तेवढं बरं, म्हणून थ्रासोसने घसा खाकरला आणि आईवर घसरला.

"आई, वहिनी चुकीचं बोलत नाही. तुझ्या या नादापायी..."

"तुझ्या सहीपायी," म्हातारीने तिथल्या तिथे त्याला कापलं. "चष्मा खिशात ठेवून सही करतोस. लहानपणी बटणं पण अशीच लावायचास, वरचं खाली."

स्ताथिसला हसू आलं आणि त्याने ते गिळलं.

"भावोजी," आरेती हळू आवाजात म्हणाली. आजवर सासूविरुद्धच्या प्रत्येक भांडणात थ्रासोस तिच्या बाजूने उभा राहिला होता. आता तिने तोच धागा ओढला. "तुमच्याकडे बोटीच्या इंजिनासाठी ठेवलेले आहेत ना? तुमच्या सहीमुळेच हे झालंय, असं मी म्हणत नाही. पण आहेत ना?"

आहेत, हे थ्रासोसच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्याने टेबलावरचं बिस्किट उचललं, पुन्हा ताटलीत ठेवलं.

"वहिनी, असं बघ. मी काही परका नाही. देतो. तुमच्या त्या बागेची विहिरीजवळची पट्टी विकायची राहिलीय ना? ती माझ्या नावावर करून दे. नाहीतरी तिथे काटेच उगवतात. कालिओपीबाई इथेच आहेत, लगेच कागद होईल."

आरेतीला विश्वास बसेना. "काटे उगवतात म्हणून तुम्हाला हवीय?"

"दादाची आठवण म्हणून."

"दादाची आठवण!" ती हसली, पण ते हसू ऐकून थ्रासोसला खुर्ची मागे सरकवावीशी वाटली. "त्या पट्टीशेजारून नवा रस्ता जाणार आहे, भावोजी. दूधवाल्यालासुद्धा माहीत आहे. मला वाटलं, खाली कॉफी पितोय तो एकटाच व्यापारी आहे."

"म्हणजे मी आणि तो सारखेच?"

"त्याने निदान तोंडावर आठ लाख मागितले."

थ्रासोसचे कान तापले. खरं तर तिने नुसते मागितले असते, तर त्याने दिले असते, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. माणसाला स्वतःबद्दल असं नेहमीच वाटतं. तो उठून दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला. आता खोलीत प्रत्येकाचं एक वेगळं बेट झालं होतं.

*

लुकियाला माहीत होतं, की बँकेत काहीही नाही.

नव्या वर्षाच्या आदल्या रात्री सगळं गावच पत्ते खेळतं. वर्षभराचं नशीब आजमावायचं म्हणून आजीसुद्धा दोन डाव टाकते आणि लबाडी करते. पण स्ताथिस घरचा डाव संपल्यावर कोट चढवून बाहेर गेला होता आणि सकाळी परतला तेव्हा दारातच बसकण मारून लहान मुलासारखा रडला होता. तीन लाख. आईला सांगू नको, लुकिया. शेवटचं. बाळाची शपथ. तिने सांगितलं नव्हतं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, तोंड धुवायला पाणी दिलं होतं, आणि त्याच दिवशी कपाटातला आपला रुमाल काढून पर्समध्ये ठेवला होता. तेव्हापासून ती पर्स तिने एकटी सोडली नव्हती.

रुमालात आजीने लग्नात तिला दिलेल्या सोन्याच्या लिरा, म्हणजे जुनी नाणी, होत्या. या घरात त्या लिरांचं नाव कुणी काढत नसे. काढलं की आरेती दोन दिवस कुणाशी बोलत नसे.

लुकियाला आपल्या सासूची भीती वाटत होती. पण व्रेतास आणखी तासाभराने दुकान उघडायला जाईल, याची जास्त वाटत होती. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि रुमालाची गाठ सोडली.

"आई, माझ्याकडे या आहेत. आठ लाखांचं सोनं होईल. सोनार खालच्याच गल्लीत आहे."

सगळ्यांची डोकी रुमालावर झुकली. मग थ्रासोस म्हणाला, "शाबास, पोरी!" आणि खुर्ची पुन्हा टेबलाजवळ आणली.

"पण एक आहे," लुकिया म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो कापतोय याचा तिला राग येत होता. "घराच्या कागदावर माझंही नाव घालायचं. अर्धं."

"काय?"

"अर्धं घर माझ्या नावावर."

आरेतीचा चेहरा लाल झाला. "या लिरा कुणाच्या, माहीत आहे ना तुला? या घरातल्या. माझ्या सासूच्या, तिच्या आईच्या. आमच्याच लिरा आम्हालाच विकतेस?"

"मला दिलेल्या आहेत, आई."

"बाग माझ्या नवऱ्याची! घराचे सगळे पैसे तिथून आलेत. तू चार नाणी ठेवून अर्ध्या घराची मालकीण होणार? थ्रासोसराव पट्टी मागतात, तू अर्धं घर मागतेस. अरे, मला आज कुणी काही न मागता देणार आहे का?"

"वहिनी म्हणते ते बरोबर आहे," थ्रासोस म्हणाला. वारा फिरला तसा तोही फिरला. "घराणं म्हणून काही आहे की नाही?"

"स्ताथिस," लुकिया म्हणाली. "तू बोल ना काहीतरी."

स्ताथिसने खिडकीतून खाली बघितलं. खाली कार्निव्हलच्या मुखवट्यांचं दुकान होतं, आणि उद्या चुलीचुलीवर मांस भाजायचा गुरुवार म्हणून खाटकासमोर आत्तापासून रांग होती. "मी काय बोलू? आई म्हणेल तसं."

लुकियाच्या डोळ्यांत पाणी आलं. एका वाक्यात सांगता आलं असतं तिला सगळं. पण ते वाक्य तिने त्याच्या बायकोच्या नात्याने कुलूप लावून ठेवलं होतं, आणि आज एवढ्या माणसांत, चुलत सासऱ्यांसमोर ते कुलूप काढायचं तिच्या जिवावर आलं.

*

"आई म्हणेल तसं," एव्हान्थिया कोपऱ्यातून म्हणाली. "त्याचा बापही हेच म्हणायचा. माझ्यासमोर."

"त्यांचं नाव कशाला काढता?" आरेती म्हणाली.

"माझा मुलगा होता. मी नाही काढणार तर कोण?" म्हातारीने काठी टेकली, पण उठली नाही. "तू मला लग्नापासून विचारत आलीस, आरेती. तोंडाने नाही विचारलंस, भांडी आपटून विचारलंस. लिरा मला का नाही दिल्या? मी तुझ्या हातचं खाल्लं, तू माझे पाय चेपलेस, आणि लिरा दिल्या या कालच्या पोरीला."

एवढ्या वर्षांचा हा काटा कुणी असा सगळ्यांसमोर चिमट्यात धरेल, असं आरेतीला वाटलं नव्हतं.

"दिल्या असत्या, तर किती दिवस राहिल्या असत्या तुझ्याकडे?" एव्हान्थिया म्हणाली. "खरं सांग. पहिल्या नव्या वर्षापर्यंत? तुझ्या बांगड्या गेल्या. माझं शिवणयंत्र गेलं. रेडिओ गेला, आपण शेजाऱ्यांना सांगितलं की दुरुस्तीला दिलाय. तू त्याला नाही म्हणू शकत नव्हतीस. मी पण नाही. म्हणून मी त्या लपवल्या. तुझ्यापासून नाही, बाई. तुझ्या नवऱ्यापासून. माझ्या पोरापासून."

थ्रासोस आपल्या बुटांकडे बघत होता.

आरेतीला रेडिओची रिकामी जागा आठवली. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला होता, त्यावर तिने येशूची तसबीर लावली होती. त्या माणसावर तिचं प्रेम होतं, यात खोटं काही नव्हतं. पण तो रात्री कोट चढवायचा तेव्हा ती झोपेचं सोंग करायची, हेही खरं होतं. सकाळी तो काय सांगायचा? बँकेत आहेत. मुदतीत आहेत. पुढच्या महिन्यात निघतील.

तिने हळूच मान वर केली आणि आपल्या मुलाकडे पाहिलं.

"स्ताथिस. कुठल्या बँकेत?"

"काय?"

"तीन लाख. कुठल्या बँकेत ठेवलेस?"

स्ताथिसने आईकडे न बघता लुकियाकडे बघितलं. सांगितलंस का, असं विचारणारी ती नजर होती. लुकियाने मान हलवली, नाही. आरेतीने दोन्ही पाहिलं, त्याची नजर आणि तिची मान, आणि पुढे काही विचारायची गरज उरली नाही.

तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. घर गेलं तरी चाललं असतं, असं तिला क्षणभर वाटलं. हे नको होतं. एवढं एकच ती मेरीमातेसमोर मेणबत्ती लावून मागत आली होती, की पोराने बापाचे डोळे घ्यावेत, उंची घ्यावी, आवाज घ्यावा, बाकी काही घेऊ नये.

"आई, मी परत करणार होतो..."

"गप्प बस."

ती उठली आणि गॅलरीचं दार उघडलं. कालिओपीबाई थंडीने कुडकुडत उभ्या होत्या. नाक लाल झालेलं.

"या आत. आणखी किती ओढणार? कागद बदलायचाय. विकत घेणाऱ्याचं नाव."

"बदलायचं?" नोटरीबाई घाबरल्या. "अहो, टॅक्स स्ताथिसच्या नावाने भरलाय. नवा अर्ज द्यावा लागेल आणि ऑफिस एकला बंद होतं. दोघांची नावं घालायची का? अर्धं अर्धं?"

थ्रासोस पुटपुटला, "वहिनी, विचार कर..."

"एकच नाव घाला," आरेती म्हणाली. "लुकियाचं."

लुकिया दचकून उभी राहिली. "नाही हो आई, मी अर्धंच म्हणत होते!"

"अर्धं घर विकायला वेळ लागत नाही. मला माहीत आहे."

"पण मग चिरंजीवांचं काय?" नोटरीबाईंनी विचारलं. त्यांनी व्होलोसमध्ये हजारो कागद केले असतील, पण मुलाच्या आईने असं सांगितलेलं त्यांच्या ऐकण्यात नव्हतं.

"तो राहील की तिच्याकडे," आरेती म्हणाली. "तिने ठेवला तर."

स्ताथिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. मग कोपऱ्यातून काठीचा आवाज आला, आणि एव्हान्थिया उठून त्याच्या शेजारी खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्याच्या बाहीवरचा धागा तेवढा तिने काढून टाकला.

"भावोजी, खाली जा आणि त्या व्रेतासला धरून ठेवा," आरेती म्हणाली. "कॉफी पाजा, गप्पा मारा. तुमचं चांगलं जमेल. सोन्याचे पैसे आणतो म्हणावं. आणि येताना चष्मा घाला."

थ्रासोस जवळजवळ धावतच गेला.

*

सोनाराकडे जाण्याआधी एकच्या आत टॅक्स ऑफिस गाठायचं होतं, आणि तिथपर्यंतचा रस्ता चढाचा होता. लुकिया एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने पर्स धरून चालत होती. खाटकाच्या दुकानासमोरची रांग वळसा घालून फुटपाथवर आली होती, आणि पोरं कागदाची रंगीत भेंडोळी एकमेकांच्या अंगावर फेकत होती. एक भेंडोळं लुकियाच्या केसांत अडकलं. आरेतीने चालता चालताच ते काढलं.

"दमलीस?"

"नाही."

"खोटं बोलू नको. घरात एक पुरे आहे." आरेतीने तिचा दंड धरला. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "लिरा आज घेऊन आलीस, की रोजच जवळ असतात?"

लुकिया जरा थांबली. "रोजच."

"रात्री?"

"उशीखाली."

आरेतीने मान डोलावली. ऑफिसच्या पायऱ्या दिसायला लागल्या होत्या. दारावरचा शिपाई घड्याळाकडे बघत होता.

"मी पण बांगड्या तिथेच ठेवायचे," ती म्हणाली. "पण माझी झोप गाढ होती."

तिने सुनेची पर्स आपल्या खांद्यावर अडकवली, म्हणजे पायऱ्या चढताना तिला कठड्याला धरता येईल, आणि दोघी वर चढायला लागल्या.